बापाचे उत्पन्न आणि लेकाचे स्वातंत्र्य

शिक्षणासाठी आर्थिक मदत मागणाऱ्या विद्यार्थ्याने अर्जात आईवडिलांचे उत्पन्न लिहावे की लिहू नये, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो. अर्जातला एक रकाना भरावा की कोरा ठेवावा, एवढाच जणू वाद. पण त्या एका रकान्यात कुटुंब म्हणजे काय, स्वातंत्र्य म्हणजे काय आणि समाजाच्या पैशावर पहिला हक्क कोणाचा, हे तिन्ही प्रश्न दाटीवाटीने बसलेले आहेत. म्हणूनच त्याविषयी सविस्तर लिहिणे अगत्याचे वाटते.

अलीकडे आपल्या तरुणांच्या मेळाव्यांत आणि शिक्षण निधीच्या बैठकांत एक मत मोठ्या आग्रहाने मांडले जाते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांकडूनही तेच ऐकू येते. ते मत असे : मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की कायद्याने सज्ञान होते. ती मतदान करते, करार करते, स्वतःचा जोडीदार निवडते. मग मदतीच्या अर्जात तिला बापाचे उत्पन्न का विचारता? तिची स्वतःची कमाई किती ते पाहा आणि मदत द्या.

हे मत ऐकायला पुरोगामी वाटते. परंतु ते जसेच्या तसे स्वीकारले तर गरिबाच्या ताटातला घास उचलून श्रीमंताच्या ताटात वाढल्यासारखे होईल, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचबरोबर, ज्याचे आईवडिलांशी नातेच तुटले आहे अशा मुलाला बापाच्या सहीवाचून दारातून परत पाठवणारी व्यवस्थाही तितकीच अन्यायकारक आहे. या दोन अन्यायांतून वाट काढता येते, आणि ती फारशी अवघड नाही.

हा वाद ज्या देशात सर्वांत जास्त मुरला आहे त्या अमेरिकेचे उदाहरण आधी पाहू. तेथे मध्यवर्ती सरकारची मदत हवी असेल तर 'फॅफ्सा' नावाचा अर्ज भरावा लागतो. अमेरिकेत कायमचे राहण्याचा परवाना मिळालेल्या आपल्या वसईकर, गोवेकर कुटुंबांतील मुलेही तो भरतात. येथून शिकायला जाणारी मुले त्या सरकारी मदतीस पात्र नसतात. पण त्यांनाही शिक्षणखर्चाची सोय दाखवल्याशिवाय प्रवेशाचा आय-ट्वेंटी कागद मिळत नाही, आणि अनेक खाजगी महाविद्यालये आपली मदत देण्यापूर्वी आईवडिलांच्या मिळकतीचा तपशील मागतात. म्हणजे साता समुद्रांपलीकडे गेले तरी बापाचे उत्पन्न काही पाठ सोडत नाही.

त्या सरकारी अर्जात विद्यार्थ्यांचे दोन वर्ग केले आहेत : अवलंबित आणि स्वतंत्र. अवलंबिताला आईवडिलांची माहिती द्यावी लागते, स्वतंत्राला द्यावी लागत नाही. स्वतंत्र कोण? ज्याला २४ वर्षे पूर्ण झाली, ज्याचे लग्न झाले, जो पदवीनंतरचे शिक्षण घेत आहे, ज्याने सैन्यात सेवा केली, ज्याच्यावर मूल पोसण्याची जबाबदारी आहे, जो वयाच्या तेराव्या वर्षानंतर केव्हाही अनाथ होता किंवा शासनाने नेमलेल्या पालकगृहात वाढला, ज्याला निवारा नाही आणि पालकांचा आधारही नाही. या यादीत 'मी स्वतः कमावतो' हे कारण नाही, 'मी वेगळा राहतो' हे नाही आणि 'वडील पैसे देत नाहीत' हेही नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

एके काळी मात्र स्वतःची कमाई हेही एक कारण मानले जात असे. १९८६ साली तेथील कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार २४ वर्षांखालील अविवाहित विद्यार्थ्यालाही एक वाट खुली होती. वडिलांनी करविवरणात त्याला आपल्यावर अवलंबून असल्याचे दाखवलेले नसावे आणि सलग दोन वर्षे त्याची स्वतःची साधनसंपत्ती वर्षाला किमान चार हजार डॉलर असावी, म्हणजे तो स्वतंत्र ठरे. १९९२ च्या दुरुस्तीने ही वाट बंद केली. तिच्यातली गोम कोणाच्याही लक्षात येईल. ज्या बापाकडे पैसा आहे आणि सल्ला द्यायला हिशेबनीस आहे, त्याला मुलगा कागदोपत्री 'स्वतंत्र' करणे कठीण नसते. ज्या बापाकडे दोन्ही नाही, त्याचा मुलगा स्वतंत्र असो की अवलंबित, गरीबच राहतो. स्वातंत्र्याची कसोटी कागदावर घेतली की जो कागद चांगला तयार करतो तोच उत्तीर्ण होतो.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे शिष्यवृत्तीचे नियम कुटुंबाच्या उत्पन्नावर उभे आहेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला आठ लाखांची मर्यादा आहे. २०२४ साली मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेतील व्याजसवलतीलाही कुटुंबाच्या आठ लाखांचीच मर्यादा आहे. बँकेचे शैक्षणिक कर्ज घेताना मुलगा कितीही सज्ञान असला तरी बहुधा बापाला सहकर्जदार म्हणून सही करावी लागते. आपल्या धर्मग्रामांतील शिक्षण निधीही उत्पन्नाचा दाखला मागतात. तलाठ्याकडून तहसीलदाराकडे जाणारा तो कागद आपल्या लोकांच्या चांगलाच परिचयाचा आहे.

या पद्धतीविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. एकेक तपासू.

पहिला आक्षेप सज्ञानतेचा. अठरा वर्षांचा मुलगा सज्ञान आहे हे खरे. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले, तेव्हापासून तो राज्यकर्तेही निवडतो. पण सज्ञान असणे वेगळे आणि स्वावलंबी असणे वेगळे. मताधिकार वयाने येतो, पोटाची सोय वयाने होत नाही. जो मुलगा आईच्या हातचे जेवतो, बापाच्या छपराखाली झोपतो, ज्याच्या मोटारसायकलचे हप्ते घरून भरले जातात, तो मदतीच्या अर्जापुरता एका सकाळी 'स्वतंत्र' कसा होतो? आणि गंमत अशी की हेच स्वातंत्र्य पुढे लग्नाच्या वेळी, जागा घेताना किंवा वाडीची वाटणी होताना कोणालाच आठवत नाही. तेव्हा तो पुन्हा बापाचा मुलगा होतो. घेण्याच्या वेळी वारस आणि सांगण्याच्या वेळी परका, ही दुहेरी भूमिका न्यायाच्या दरबारात टिकणार नाही.

स्वातंत्र्याची खरी कसोटी आपल्या परंपरेत सुमारे आठशे वर्षांपूर्वीच दिली गेली आहे. १२०६ च्या सुमारास असिसीच्या एका कापडव्यापाऱ्याचा मुलगा बापापासून वेगळा झाला. महागुरुस्वामींच्या समोर, भर लोकांत, त्याने बापाचे पैसे परत केले आणि अंगावरचे कपडेही उतरवून बापाच्या स्वाधीन केले. तोच आपला संत फ्रान्सिस. प्रत्येक विद्यार्थ्याने असे करावे असे मी म्हणत नाही. पण जो स्वतःला स्वतंत्र म्हणवतो त्याने निदान एवढे मनाशी विचारावे, की माझ्या अंगावरचे कपडे कोणाचे? आणि संत लूकच्या शुभवर्तमानातील उधळा पुत्रही आठवावा. त्याला स्वातंत्र्य हवे होते, पण बापाच्या मालमत्तेतला आपला वाटा खिशात घेऊन. आपल्याकडे आज ज्याला स्वातंत्र्य म्हटले जाते ते पुष्कळदा फ्रान्सिसचे नसते, या धाकट्या पुत्राचे असते.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. आमच्या घरातले चारचौघांत का उघडे करायचे? झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपले लोक म्हणतात. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. निधीच्या समितीवर गावातलीच माणसे असतात; आज सांगितलेली गोष्ट उद्या बाजारात पोहोचते. असे होत असेल तर समितीला शिस्त लावली पाहिजे. पण ज्यांची मूठ खरोखर रिकामी आहे ते हा आक्षेप फारसा घेताना दिसत नाहीत. धुणीभांडी करून मुलीला परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवणारी विधवा आपली सगळी हकिगत न विचारता सांगते. प्रतिष्ठेचा प्रश्न उभा राहतो तो मूठ भरलेली असते तिथे.

येथे आपल्याच भागाविषयी काही कटू बोलणे प्राप्त आहे. वसईच्या पट्ट्यात गेल्या तीनचार दशकांत जमिनी विकासकांना गेल्या. त्या विकणे पाप नाही. तो ज्याचा त्याचा निर्णय. परंतु उत्पन्नाचा दाखला वर्षाची कमाई सांगतो, घरातली पुंजी सांगत नाही. जमीन पाच वर्षांपूर्वी विकली, पैसे मुदतठेवीत किंवा दुसऱ्या जागेत गुंतले, बाप निवृत्त झाला, की कागदावर ते घर दरिद्री होते. २०१९ मध्ये १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बल घटकांना आरक्षण आले, तेव्हा सरकारने उत्पन्नाबरोबर मालमत्ताही पाहायचे ठरवले : पाच एकर शेतजमीन, हजार चौरस फुटांचा फ्लॅट असल्यास आरक्षण नाही. जे सरकारला सुचले ते आपल्या निधींना का सुचू नये? ज्या घरात दोन चारचाकी उभ्या आहेत त्या घरातला अर्ज आणि ज्या घरात दोन वेळची चूल पेटण्याची शाश्वती नाही त्या घरातला अर्ज जर दाखल्यावर सारखेच दिसत असतील, तर दोष दाखल्याचा आहे आणि त्या दाखल्याआड लपणाऱ्याचाही आहे. रेशनकार्ड वेगळे करून मुलाला 'स्वतंत्र कुटुंब' दाखवणे ही त्याच लपाछपीची पुढची पायरी.

प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीरा या दाम्पत्याची कथा आहे. त्यांनी जमीन विकली, किमतीचा काही भाग मागे ठेवला आणि उरलेला प्रेषितांच्या चरणी आणून हीच सगळी किंमत असे भासवले. संत पीटरने त्यांना दोष कशाचा दिला हे पाहण्यासारखे आहे. जमीन त्यांची होती, पैसेही त्यांचेच होते, ते ठेवून घेण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. अपराध होता तो असत्याचा. समाजाची गरज भागवणाऱ्या सामाईक निधीसमोर त्यांनी आपली परिस्थिती खोटी सांगितली होती. त्या दोघांनी तर निधीला काही दिले तरी होते! आपण निधीतून घेताना तेच करू लागलो, तर आठव्या आज्ञेबरोबर सातवीही मोडतो, कारण निधीतील रक्कम मर्यादित असते. एका खोट्या अर्जाला दिलेले पंचवीस हजार दुसऱ्या कोणाच्या तरी फीमधून कमी होतात, आणि तो दुसरा कोण हे आपल्याला कधीच कळत नाही. तो कदाचित तलासरी-डहाणूकडचा आदिवासी ख्रिस्ती मुलगा असतो, ज्याला असा निधी आहे हेच उशिरा कळते.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याच्यापुढे मान तुकवली पाहिजे. ज्याचे आईबाप आहेत, पण नसल्यासारखेच आहेत, त्याने काय करावे? बाप दारूत बुडालेला, कागद मागितला तर हात उगारतो. बापाने दुसरा संसार थाटला, त्याचा पत्ता नाही. मुलीने घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न नाकारले आणि घराचे दार तिला बंद झाले. मूल आश्रमात वाढले आणि अठरा पूर्ण होताच बाहेर पडले. या मुलांना 'वडिलांचा दाखला आण' म्हणणे म्हणजे जखमेवर बोट ठेवून 'दुखते का?' विचारणे आहे. आणि ही मुले बहुधा पुन्हा विचारायला येत नाहीत. ती शिक्षण सोडतात, कुठेतरी कामाला लागतात, आणि आपल्या समितीच्या वहीत त्यांची नोंदसुद्धा नसते. खोट्या अर्जदाराने पैसे नेले तर पैसे जातात. अशा मुलाला आपण परत पाठवले तर त्याचे आयुष्य जाते.

अमेरिकेच्या कायद्याने अशांसाठी एक दार ठेवले आहे. छळ, परित्याग अशी असाधारण परिस्थिती असेल तर महाविद्यालयातील मदत अधिकारी स्वतःच्या अधिकारात विद्यार्थ्याला स्वतंत्र ठरवू शकतो. २०२० च्या कायद्यानंतर अशा मुलाला आईवडिलांच्या माहितीविनाही अर्ज दाखल करता येतो, आणि निर्णय होईपर्यंत त्याला तात्पुरते स्वतंत्र धरले जाते. आपण घेण्यासारखी ही गोष्ट आहे. मात्र 'वडील द्यायला तयार नाहीत' एवढेच कारण तेथे पुरेसे मानत नाहीत. अशा विद्यार्थ्याला अनुदान मिळत नाही. व्याज लागणारे मर्यादित कर्ज तेवढे मिळू शकते. हे कठोर वाटते, पण त्यामागे व्यवहार आहे. 'मी देणार नाही' एवढे म्हटल्याने जर समाज देणार असेल, तर उद्या कोणता बाप 'देतो' म्हणेल?

येथे बापांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावरील घोषणापत्र दिले आणि मुलांच्या शिक्षणाची पहिली जबाबदारी आईवडिलांची, हे तत्त्व त्यात ठामपणे सांगितले. त्यानंतर अकराच दिवसांनी, ८ नोव्हेंबर १९६५ रोजी, अमेरिकेच्या उच्च शिक्षण कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. त्या कायद्याखाली चालणाऱ्या मदतीचा हिशेबही आधी कुटुंबाने, मग सरकारने, याच क्रमाने केला जातो. एक रोममधून, दुसरे टेक्ससमधून. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण दोन्हींना एकच गोष्ट मान्य आहे. जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही त्याने विश्वासच नाकारला, असे संत पॉल तिमथीला बजावतो. मुलाने आपल्या पसंतीची शाखा निवडली नाही, मुलीने परजातीच्या मुलाशी मैत्री केली, म्हणून फीचे पैसे अडवणारा बाप शिस्त लावीत नसतो. तो आपले कर्तव्य समाजाच्या अंगावर ढकलत असतो. चौथी आज्ञा मुलांना आहे हे खरे. पण तिचा आधार घेऊन जो मुलांचे शिक्षण ओलीस ठेवतो, त्याने ती आज्ञा उलटी वाचली आहे.

तर मग करावे काय? उत्पन्न विचारणे आणि उत्पन्न मोजणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि सगळा गोंधळ त्या एकच समजल्यामुळे होतो. माझे म्हणणे असे की आईवडिलांची परिस्थिती प्रत्येक अर्जदाराला विचारावी, स्वतंत्र म्हणवणाऱ्यालाही. पण ती मोजावी की नाही, हे चौकशीनंतर ठरवावे. 'वडील कुठे आहेत ते ठाऊक नाही' हेही एक उत्तर आहे, आणि ते प्रामाणिक असेल तर दाखल्याहून मोलाचे आहे.

धर्मग्रामांच्या शिक्षण निधींनी या धोरणाचे चार नियम करावेत. एक, वार्षिक उत्पन्नाबरोबर घर, जमीन, ठेवी यांचीही माहिती घ्यावी, आणि ती समितीतील दोघांपलीकडे जाऊ देऊ नये. दोन, जो घरीच राहतो, घरचेच खातो, त्याचे वय काहीही असो, त्याच्या बाबतीत घरचे उत्पन्न मोजावे. तीन, ज्याचे नाते तुटले आहे त्याच्याकडून बापाचा कागद मागू नये. त्याला ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींचे म्हणणे, म्हणजे शिक्षक, समाजसेविका, आश्रमातील सिस्टर, धर्मगुरू यांचे, पुरेसे मानावे आणि त्याला अनुदान द्यावे. चार, जिथे बाप समर्थ आहे पण देत नाही, तिथे अनुदान न देता बिनव्याजी कर्ज द्यावे, जेणेकरून मुलाचे वर्ष वाया जाणार नाही. आणि त्याच आठवड्यात धर्मगुरूने व समितीच्या एखाद्या वडीलधाऱ्याने त्या बापाच्या दारी जावे. हे शेवटचे काम कोणत्याही सरकारला करता येणार नाही. आपल्याला येते, कारण आपण एकमेकांची घरे ओळखतो.

तिसऱ्या नियमाने आम्हां धर्मगुरूंवर मोठी जबाबदारी येते. आमची सही ही शिफारस नसून साक्ष आहे, हे आम्ही विसरता कामा नये. रविवारच्या मिस्सानंतर घाईत, ओळखीखातर, देणगीदाराचा शब्द राखण्यासाठी 'कुटुंब गरीब आहे' असे लिहून देणे म्हणजे खोटी साक्ष देणे होय. आणि जो मुलगा खरोखर एकटा आहे त्याच्यासाठी लिहायला टाळाटाळ करणे, 'बापाशी वैर नको' म्हणून गप्प राहणे, हीसुद्धा खोटी साक्षच आहे, फक्त मौनाची.

मंदिरातील दानपेटीपुढे बसून प्रभू येशूने येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांकडे पाहिले, आणि विधवेची दोन नाणी सर्वांत मोठी ठरवली. त्याने रक्कम मोजली नाही; देऊन झाल्यावर मागे काय उरले ते पाहिले. आपल्या निधींनीही तेच पाहावे : या मुलाच्या मागे, कागद बाजूला ठेवल्यावर, खरोखर काय उरते? ज्याच्या मागे भरलेले घर आहे त्याने ते नि:संकोच सांगावे आणि आपली जागा दुसऱ्याला द्यावी. ज्याच्या मागे कोणीच नाही त्याने तसे सांगावे, आणि आपण त्यावर विश्वास ठेवावा. येत्या जूनमध्ये अर्ज वाटले जातील. त्यांतला बापाच्या उत्पन्नाचा रकाना राहू द्या. फक्त त्याच्याखाली आणखी एक ओळ छापा : 'हे उत्पन्न तुझ्यापर्यंत पोहोचते का?'